गळत नाही म्हणून बुजवू नका

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या भागात रस्त्याचे खोदकाम चालू असताना जेसीबीचा दात गॅसच्या पोलादी पाइपला घासला. वास नाही, गळती नाही. "काका, नुसता ओरखडा आहे," म्हणत मुकादमाने माती लोटायला सांगितली. मी अडून बसलो, तेव्हा कुठे गॅसवाल्यांना फोन गेला.

मी तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आहे. पाइपच्या तुकड्याची तोंडे झाकणे वेल्ड करून बंद करायची, भिंतीवर मिलिंग मशीनने खाच पाडायची आणि आत पाणी भरून हातपंपाने दाब चढवायचा, हा प्रयोग मी अनेकदा केला आहे. खाचेच्या तळाशी आणि खाचेपासून दूर स्ट्रेन गेज, म्हणजे धातू किती ताणला ते मोजणाऱ्या छोट्या पट्ट्या, चिकटवलेले असत. पोलाद ताणले की गेजची बारीक जाळीही ताणते आणि तिचा विद्युतरोध किंचित वाढतो. दूरच्या गेजचे आकडे सूत्राबरहुकूम येत. तळाचे गेज मात्र फार पुढे गेलेले असे आणि पुढे पुढे दाब उतरवला तरी शून्यावर परतत नसे. तिथले पोलाद कायमचे ताणले गेलेले, आणि बाहेर पाण्याचा थेंबही नाही! शिवाय गेज आपल्या लांबीवरची सरासरी सांगते, म्हणून टोकाचा खरा ताण त्या आकड्याहूनही चढा.

३०० मिलिमीटर व्यास, ६ मिलिमीटर जाडी आणि ४० बार दाब असेल, तर भिंतीत परिघाच्या दिशेने सुमारे १०० मेगापास्कल ताण असतो. त्याच भिंतीत लहानसे गोल भोक असते, तर त्याच्या काठावर अडीचपट ताण येतो. ओरखड्याचा तळ तर गोलही नसतो. तो जितका टोकदार आणि खोल, तितका ताण जास्त; पाइपच्या लांबीला समांतर असेल तर सगळ्यात वाईट. म्हणूनच दुरुस्ती करताना दाब कमी करून, मर्यादेत, ती जागा घासून गुळगुळीत करतात. थोडा धातू आणखी जातो, पण धार मोडते.

बेल्जियममधील गिलांग्यां येथे ३० जुलै २००४ रोजी गॅसवाहिनी फुटून २४ माणसे गेली. आधीच्या बांधकामात यंत्राच्या दातांनी तिच्या भिंतीवर चरे पडले होते. चरे पडले त्या दिवशी ती फुटली नाही.

खोदण्याआधी माहिती घेण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले, ते चांगलेच झाले. पण यंत्र पाइपला लागल्यावर काय? मुकादम दंडाला घाबरून माती लोटतो. महापालिकेने निविदेतच अट घालावी: पाइपला दात लागला, नुसते वरचे आवरण सोलले तरी, लगेच कळवायचे, गॅस कंपनीचा अभियंता खोली मोजून तडा तपासेपर्यंत खड्डा बुजवायचा नाही. आपणहून कळवणाऱ्याला दंड नको, लपवणाऱ्याला जबर हवा.

– एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी, नाशिक