सईची यादी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पहिल्या नंबरला नक्की मिळणारं कॉलेज टाका, नाहीतर हातचं जाईल." मी "बघतो" म्हटलं आणि विषय बदलला. फोनवर तुमच्याशी वाद घालणं मला या वयातही जमत नाही, म्हणून लिहितो आहे. सोबत सईच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठीची पसंतीची यादी जोडली आहे. 42 ओळींची आहे. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, अर्जात 300 पर्यंत विकल्प टाकता येतात, त्या मानाने ही यादी आटोपशीरच म्हणायची.

जागावाटपाचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण जन्मभर तुम्ही तेच केलंत. रेल्वेतल्या टपालाच्या, आर.एम.एस.च्या डब्यात रात्रभर उभं राहून पाकिटं खणांत टाकायचात ना, तसंच. इथं पाकीट म्हणजे विद्यार्थी, आणि गठ्ठा मेरिट नंबरानं लावलेला. वरचं पाकीट उचलायचं. त्यावर एक सोडून 42 पत्ते, पसंतीच्या क्रमानं. पहिल्या खणात जागा आहे? टाकलं. नाही? दुसरा खण बघायचा. जिथं जागा सापडेल तिथं ते पडतं आणि मग पुढचं पाकीट हातात येतं. आरक्षणाचे खण वेगळे, पण रीत हीच. सईच्या आधीचे सगळे आपापल्या खणात गेल्यावर तिची पाळी येते, आणि तिचं पाकीट हातात असताना मागचा कुणी पुढे घुसत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत अवघड कॉलेज लिहिलं म्हणून सातव्या ओळीतली तिची जागा दुसऱ्याला जात नाही. उलट 'नक्की मिळणारं' वर लिहिलं, तर कॉम्प्युटर तेच देऊन मोकळा होतो. खाली लिहिलेलं आवडतं कॉलेज मिळत असलं तरी तिथवर कुणी पोहोचतच नाही.

तुमची भीती अगदीच निराधार आहे असं मात्र नाही. ती वेगळ्या ठिकाणी खरी आहे. 2025 च्या प्रवेशाला चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप 'फ्रीझ'. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतली मिळाली तर फ्रीझ, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली मिळाली तर फ्रीझ. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. यंदाची माहितीपुस्तिका हातात आली की मी पहिल्यांदा तेच पान उघडणार आहे. म्हणून आम्ही पहिल्या सहा ओळींवर तीन रात्री घालवल्या आणि उरलेल्या छत्तीस एका दुपारी उरकल्या. वरच्या सहांत 'मिळालं तर बघू' असं काही ठेवायचं नाही, एवढी एकच अट मी घातली. बाकी यादी तिची आहे.

आता तुम्हाला खटकणारी गोष्ट. पहिल्या सहाही ओळींत इलेक्ट्रिकल शाखा आहे. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, मग कराड, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि अमरावतीची सरकारी कॉलेजं. सीओईपीचं कॉम्प्युटर सातवं. तुम्ही म्हणाल, हे उलटं आहे. मीही म्हणालो होतो. पण ही मुलगी सातवीत असल्यापासून रस्त्यात सबस्टेशन दिसलं की गाडी थांबवायला लावते, हे तुम्ही पाहिलंय. एकदा तर तुम्हीच उन्हात उभे राहिला होतात तिच्यासोबत.

नावाचं म्हणाल, तर नावं तिनं सोडलेली नाहीत. सीओईपी 1854 चं, व्हीजेटीआय 1887 चं, वालचंद 1947 चं. तिचं म्हणणं एवढंच, की नावासाठी नको असलेली शाखा घेऊन चार वर्षं काढायची नाहीत. दुसऱ्या वर्षी शाखा बदलता येते, असं सगळे सांगतात. पण त्यासाठी हव्या त्या शाखेतली एखादी जागा रिकामी व्हावी लागते आणि पहिल्या वर्षाचे गुण रांगेत बरेच पुढचे लागतात. त्या भरवशावर आत शिरणं म्हणजे उभ्यानं प्रवास करून पुढच्या स्टेशनला बसायला मिळेल असं धरून चालणं.

तुम्ही पेपरात बघून कटऑफ लिहून ठेवलेत, ते पाहिले. पण बाबा, ते 'जीओपनएस'च्या रकान्यातले आहेत. रकान्याच्या नावातला सुरुवातीचा 'जी' सर्वसाधारण, 'एल' मुलींच्या जागा, मधलं 'ओपन' म्हणजे खुला गट. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतले, 'ओ' म्हणजे हद्दीबाहेरचे, 'एस' म्हणजे राज्यपातळी. सईला 'जी' आणि 'एल' दोन्ही रकाने लागू होतात, आणि 'एल'चा आकडा पुष्कळदा थोडा खाली असतो. तुमच्या वहीत पाच ठिकाणी 'मिळणार नाही' अशी लाल खूण आहे, त्यातल्या दोन तरी पुसाव्या लागतील. पिनकोड पाठ असलेल्या माणसाला ही अक्षरं अवघड नाहीत, फक्त सरावाचा प्रश्न आहे.

तुमच्या ओळखीच्यांनी सुचवलेलं एक खासगी कॉलेज आम्ही पाहून आलो. नाव लिहीत नाही. दर्शनी दालन एखाद्या हॉटेलसारखं. 2024 पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, प्रवेशसंख्येवरची वरची मर्यादा काढली, त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या तुकड्या पुष्कळ ठिकाणी वाढल्या. इथंही वाढल्यात. सईनं टेबलावरच्या माणसाला विचारलं, "या शाखेला पूर्णवेळ शिक्षक किती?" त्यानं तिच्या हातात रंगीत पत्रक दिलं, त्यावर एका मुलाला मिळालेलं मोठं पॅकेज. तो एक मुलगा हुशार असेल, पण बाकीच्यांचं काय झालं? ते कळायला एक साधी वाट आहे. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला, कॉलेजं जी माहिती भरून देतात, ती कॉलेजांच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती, हे असतं. सरासरी नव्हे, रांगेत मधोमध उभ्या असलेल्याचा. आणि एनबीए या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन शाखेला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नाही. दारावर नॅकची, म्हणजे अख्ख्या कॉलेजच्या मानांकनाची, पाटी पाहून आपल्या शाखेचंही तसंच असेल असं धरायचं नाही. हे मला स्वतःलाच आत्ता कळलं, इतकी वर्षं इंजिनिअरिंगच्या धंद्यात काढून.

कराडच्या सरकारी कॉलेजातल्या प्रयोगशाळेत यंत्रं जुनी होती. पण एक मुलगी मोटर उघडून बसली होती आणि तिच्या हाताला ग्रीस होतं. सई परतताना गाडीत गप्प होती. त्या रात्री कराड दोन ओळी वर सरकलं.

आई, "वर्गात मुली किती?" हा तुझा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. सईनं त्या ग्रीसवालीलाच विचारलं. ती म्हणाली, साठांत चौदा. आणि रात्री प्रयोगशाळेतून वसतिगृहावर यायला वाट कशी आहे, तेही सांगितलं. एक मात्र लक्षात आलं, प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालंच असं नसतं, त्याची यादी वेगळी लागते. त्यासाठी पहिल्या महिन्याची सोय आम्ही बघून ठेवतो आहोत. तू येशील का तिच्यासोबत आठ दिवस? मी नव्हे, तिनं विचारलंय.

आणि बाबा, मुदत ठेव मोडू नका. मुलींच्या फीमाफीची 2024 ची योजना आणि टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिकवणी फी माफ असलेल्या, जागा, दोन्हींना 8 लाखांच्या उत्पन्नाची अट आहे, आपण त्यात बसत नाही. तरी सरकारी कॉलेजाची फी मला झेपते. खासगीची वेळ आलीच तर कर्ज मी काढीन.

आता राहिलेलं एक. 1996 साली माझी यादी तुम्ही केली होती, पाठकोऱ्या कागदावर, शाईच्या पेनानं. सिव्हिल पहिलं होतं कारण गुणांवर ते नक्की मिळणार होतं. तुम्ही मला विचारलं होतंत, "चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल." मला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं. गुण काठावर होते, कदाचित मिळालंही नसतं. तुमची चूक नव्हती, तुम्ही विचारलं होतं. मीच बोललो नाही. सिव्हिलमध्ये पुढे रमलो, पूल बांधले, तक्रार नाही. पण सईला मी 'चालेल ना?' असं विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघून "नाही" म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं.

यादीच्या उजव्या बाजूला तिनं तुमच्यासाठी मोकळा रकाना सोडलाय. त्यात प्रश्न लिहा, हवे तितके. नंबर मात्र बदलू नका. रविवारी ती स्वतः फोन करेल. अकरावी ओळ तिथं का आहे, हे तिला जरूर विचारा. मलाही अजून नीट सांगितलेलं नाही.

तुमचा,
बाळू