पीसीआर आणा, पण कल्चर बंद करू नका : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

जुलाबाचे जंतू ओळखण्यासाठी सार्वजनिक प्रयोगशाळांत मल्टिप्लेक्स पीसीआर (एकाच नमुन्यात अनेक जंतूंची जनुके एकदम शोधणारी तपासणी) आणायचे म्हटले की पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : मग कल्चरवर, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून ओळखण्यावर, खर्च कशाला? त्या प्रश्नाचे उत्तर घाईने दिले जाऊ नये, म्हणून हे पत्र.

कल्चरच्या उणिवा आम्हा मायक्रोबायोलॉजीतल्या माणसांना नीट ठाऊक आहेत. निकालाला दोन-तीन दिवस लागतात. रक्ती जुलाब घडवणारा शिगेला हा जंतू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही; नमुना कॅरी-ब्लेअर माध्यमात (प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जंतू जिवंत ठेवणाऱ्या) न घालता तसाच पडून राहिला की प्लेटवर काही उगवत नाही. रुग्णाने आधीच अँटिबायोटिक घेतले असेल तर आणखी कठीण. कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या दुसऱ्या जंतूला कमी ऑक्सिजन आणि ४२ अंश तापमान लागते, आणि ती सोय नसलेल्या प्रयोगशाळेतून 'रोगजंतू आढळले नाहीत' असा रिपोर्ट बाहेर पडतो. प्रत्यक्षात तो शोधलेलाच नसतो! जुलाब घडवणारा टॉक्सिनवाला (विष बनवणारा) ई. कोलाय तर मॅकॉन्की या नेहमीच्या माध्यमाच्या प्लेटवर आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायसारखाच गुलाबी दिसतो.

याचा परिणाम केवढा होतो ते जुलाबांच्या कारणांवरच्या 'जेम्स' या अभ्यासात दिसले. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात केंद्रांवर, पाच वर्षांखालील मुलांमध्ये तो झाला. त्यातलेच नमुने पुढे क्वांटिटेटिव्ह पीसीआरने (जंतूचे प्रमाणही मोजणाऱ्या) पुन्हा तपासले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टरमुळे होणाऱ्या जुलाबांचे प्रमाण आधीच्या अंदाजाच्या सुमारे दुप्पट निघाले. म्हणून पीसीआर हवेच. निकाल त्याच दिवशी मिळतो, आणि काही ई. कोलाय बनवतात त्या शिगा टॉक्सिन या विषाचे जनुक सापडले तर डॉक्टर अँटिबायोटिक देताना थांबू शकतात. त्या आजारात काही अँटिबायोटिक्समुळे मूत्रपिंडाचा धोका वाढू शकतो.

पण पीसीआरला फक्त डीएनए दिसतो. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला कळत नाही. निरोगी मुलांच्या शौचातही हे जंतू सापडतात, म्हणूनच त्या अभ्यासात जुलाब नसलेली मुलेही तपासली होती आणि जंतूचे प्रमाण मोजले होते. नुसते 'पॉझिटिव्ह' म्हणजे जुलाबाचे कारण नव्हे. त्यातून एकाच नमुन्यात तीन-चार जंतू पॉझिटिव्ह आले तर उपचार कशावर करायचे? आणि मुख्य म्हणजे, कोणते औषध लागू पडेल हे पीसीआरच्या रिपोर्टवरून पुरते कळत नाही. औषधांना न जुमानणारा शिगेला पसरत असताना सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (जंतूवर कोणते औषध चालते ते सांगणारा) हातचा घालवणे मला धोक्याचे वाटते. तो रिपोर्ट जिवंत जंतूवरच निघतो.

२०११ मध्ये जर्मनीत शिगा टॉक्सिन बनवणाऱ्या ई. कोलाय ओ१०४ या प्रकाराची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. अशाच नेहमीच्या ओ१५७ या प्रकारासाठी वापरली जाणारी सॉर्बिटॉल (साखरेसारखा एक पदार्थ) घातलेली प्लेट तिथे फसवी ठरली असती : ओ१५७ सॉर्बिटॉल आंबवत नाही म्हणून त्याच्या वसाहती रंगहीन दिसतात, ओ१०४ मात्र आंबवतो, म्हणजे तो इतरांत मिसळून जातो. शिगा टॉक्सिनची चाचणी केली तरच संशय येणार. पण हा जंतू नेमका कोण, कोणत्या औषधांना दाद देत नाही, त्याचा जनुकक्रम काय, हे वाढवलेल्या जंतूवरूनच कळले. एकाही पद्धतीने एकटीने हे काम झाले नसते.

म्हणून माझे मागणे असे, की शिगेला, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर किंवा कॉलरा पीसीआरवर पॉझिटिव्ह आला की त्याच नमुन्याचे कल्चर व्हावे, असा नियमच करावा. त्यासाठी नमुना पहिल्यापासून कॅरी-ब्लेअरमध्ये घ्यायला हवा. कॉलऱ्याच्या झटपट पट्टीचेही तसेच : साथीची चाहूल लागायला ती उत्तम, पण साथ जाहीर करण्याआधी कल्चरने किंवा पीसीआरने खात्री करावी.

खरेदीपूर्वी किटची तुलना करताना एक काळजी घ्यावी. कल्चरलाच अंतिम सत्य मानले तर कल्चरमधून निसटलेला आणि पीसीआरने पकडलेला प्रत्येक रुग्ण 'खोटा पॉझिटिव्ह' ठरतो. अशा नमुन्यांची तिसऱ्या, वेगळ्या चाचणीने तपासणी व्हावी आणि तुलनेत जुलाब नसलेल्यांचे नमुनेही असावेत. कंपनीने जंतू मिसळून तयार केलेल्या नमुन्यांवरचे आकडे पुरेसे नाहीत.

प्रत्येक जुलाबाला या तपासण्या लागत नाहीत. बहुतेकांना ओआरएस, आणि मुलांना सोबत झिंक, एवढे पुरते. रक्त पडत असेल, आजार गंभीर असेल, जुलाब लांबले असतील किंवा साथीचा संशय असेल, तिथे मात्र दोन्ही तपासण्या व्हाव्यात.

पीसीआर यंत्रांच्या खरेदीचा प्रस्ताव आपल्यासमोर येईल तेव्हा पीसीआर कार्ट्रिजच्या (प्रत्येक तपासणीला लागणाऱ्या किटच्या) खर्चासोबत कॅरी-ब्लेअरच्या नळ्या, कल्चर मीडिया, सेन्सिटिव्हिटीसाठी अँटिबायोटिक डिस्क आणि प्लेट वाचणाऱ्या तंत्रज्ञांची पदे त्याच प्रस्तावात आहेत का, हे पाहूनच त्यावर सही करावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक मायक्रोबायोलॉजिस्ट