नात्याच्या रकान्यात

ठाणे (प.)

प्रिय अव्या,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर राहिलं, शिव्या नंतर घाल. आईचे गुडघे नेहमीसारखेच. सांगायचंय ते नंद्याचं.

कंबर धरली म्हणून साहेब नौपाड्यातल्या खोलीत आठवडाभर आडवे. डावी मांडी सुजली, तर म्हणे गॅस असेल. याला पायातही गॅस होतो! मी गेलो तेव्हा शेजारच्या काकू तेल घेऊन चोळायच्या तयारीत. पाय जांघेपासून बोटांपर्यंत टम्म, निळाजांभळा, हात लावू देईना. उचलून रिक्षात घातला.

डॉपलर सोनोग्राफीत दिसलं, शिरेत रक्ताची गुठळी थेट ओटीपोटापर्यंत. चोळलं असतं तर तुकडा सुटून फुप्फुसात जायची भीती. पाय निळा पडला म्हणजे रक्ताची परतीची वाट पूर्ण तुंबली. सूज वाढत गेली की पायाकडे येणारं रक्तही अडतं आणि पाय जातो. हेपरिन लगेच लावलं, पण त्याने गुठळी वाढायची थांबते, विरघळत नाही. म्हणून गुडघ्यामागच्या शिरेतून नळी घालून गुठळीतच औषध सोडायचं, उरलेली ओढून काढायची. त्या औषधाने क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. नंद्याने सही केली, तरी नातेवाइकाचीही हवी म्हणाले.

फॉर्मवर 'नाते' असा रकाना. नंद्या कण्हत म्हणतो, "भाऊ लिही. डोंबिवलीला कळवलंस तर उठून जाईन." उठतोय कसला! लिहिलं भाऊ. आडनावं वेगळी, सिस्टरने पाहिलं, बोलली नाही. पण अव्या, काही बरंवाईट होऊन त्याच्या थोरल्या भावाने डोंबिवलीहून येऊन विचारलं असतं, "तू कोण सही करणारा?" तर? अजून तेच डोक्यात घोळतंय. तू असतास तर सरळ 'सासरा' लिहिलं असतंस.

पाय वाचला. ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून जाणारी उजव्या पायाची धमनी तिला दाबत होती, तिथे स्टेंट बसवला. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या, निदान ३ महिने, एकही न चुकवता. आणि हा प्राणी! टायपिंग अर्धं, एलएलबी अर्धी, लग्न साखरपुड्यापर्यंत. परवाच म्हणाला, "बरं वाटतंय, आता कशाला?"

माझं ऐकत नाही. तुझ्यावर रागावलाय, म्हणजे तुझं ऐकेल. रोज रात्री फोन करून गोळी घेतली का विचार. माथेरानच्या पैशांचा विषय काढलास तर याद राख, ते मी देतो.

तुझी बदली झाली का? चिंगीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या