भोपळ्याचं फूल सकाळी सहाला बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बिबवेवाडीच्या एका भगिनींचं पत्र आपल्या अंकात वाचलं. लाल भोपळ्याचा वेल गच्चीभर पसरलाय, फुलं रोज येतात, पण चिमुकला भोपळा चार दिवसांत पिवळा पडून गळतो, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या आठवड्यात छापून आलेली उत्तरं सगळी खताची. कुणी डीएपी सुचवलं, कुणी शेणाची स्लरी, कुणी आंबट ताक. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. ताईंनी वर्णन केलंय तसं फळ गळतं तेव्हा आधी खताकडे धावू नये. नत्र जास्त झालं तर वेल नुसता पानांवर माजतो.

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर धायरीत घरामागच्या पाऊण गुंठ्यात मोठ्या जातीचा भोपळा लावायला लागलो, त्याला यंदा चौथं वर्ष. जानेवारीअखेर बी टोकलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ओळीनं चार मादीफुलं गळाली. मग मी पहाटे वेलाशी खुर्ची टाकून वही घेऊन बसलो, सहा ते आठ, असे पाच दिवस. पाच दिवसांत मिळून तीन मधमाश्या आल्या, त्याही फुलोरी, म्हणजे चिमुकल्या जातीच्या. बाकी मुंग्या आणि तांबडे भुंगेरे.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा भोपळा कळीपासूनच असतो, नरफूल नुसत्या लांब दांड्यावर उभं असतं. सुरुवातीला आठ-दहा दिवस फक्त नरफुलं येतात, तेव्हा घाबरू नये. मादीफूल एकदाच उमलतं, उजाडताना, आणि ऊन चढलं की कायमचं मिटतं. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाऱ्यानं उडत नाही. त्या चार तासांत मधमाशी आली तर फळ, नाही आली तर गळ. आपण चहा-पेपर आटोपून नवाला गच्चीवर जातो तोवर सगळं होऊन गेलेलं असतं.

आई भोरकडची. तिचा वेल गोठ्याच्या छपरावर चढायचा आणि दसऱ्यापर्यंत घारग्यांना भोपळा कमी पडायचा नाही. तिनं आयुष्यात एका फुलाला हात लावला नाही. गोठ्याच्या भिंतीतच सातेरी जातीच्या मधमाश्यांचं मोहोळ होतं.

मला मात्र हात लावावा लागला. उद्या उमलणारी मादीकळी आदल्या संध्याकाळी ओळखू येते, टोकाला पिवळी झालेली असते. तिचं तोंड सुती दोऱ्यानं अलगद बांधायचं, दोन-तीन नरकळ्यांचंही तसंच. सकाळी सव्वासहाला नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढायच्या, मधली परागानं भरलेली दांडी तेवढी ठेवायची. मादीफूल सोडून त्याच्या आतल्या प्रत्येक पाकळीवजा गोळ्यावर ती हलकी फिरवायची. घासायची नाही. एखादा भाग कोरडा राहिला तर फळ एका बाजूला खुरटतं, म्हणून मी एका मादीला तीन नरफुलं वापरतो. काम झालं की मादीफूल पुन्हा बांधायचं. पाच दिवसांनी देठ खाली झुकला आणि फळ तकतकीत दिसलं की ते धरलं. फळमाशी टोचू नये म्हणून पहिले दहा दिवस मी त्याला वर्तमानपत्राच्या पिशवीत ठेवतो.

२४ मार्चला बांधलेलं फळ तेवढं एक ठेवलं, नंतरची सगळी खुडली. खुडताना हात थरथरतो, पण वेलाची ताकद वाटली गेली तर भोपळा मोठा होत नाही. विसाव्या दिवशी घेर ८८ सेंटीमीटर भरला. त्या आठवड्यात तो एका रात्रीत पाच-पाच सेंटीमीटर वाढत होता. एप्रिलच्या उन्हात त्यावर जुनं धोतर टाकलं, खाली वाळू पसरली. २८ मे रोजी कापला आणि कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर तोलला. ३१ किलो ४०० ग्रॅम.

जगाच्या मानानं हे काहीच नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्यानं १९८१ मध्ये सुमारे २२४ किलोचा भोपळा काढला होता. त्यांच्याच वाणाचं बी निवडत-निवडत २०२५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या जुळ्या भावांनी १,२७८ किलोच्या वर मजल मारली. तिकडच्या थंड हवेशी आणि उन्हाळ्यातल्या लांब दिवसांशी पुण्याची बरोबरी होणार नाही. पण ते लोकही हेच करतात, फूल बांधतात आणि हातानं पराग लावतात. कुठल्या आईवर कुठल्या बापाचा पराग लावला ते लिहून ठेवतात, त्यामुळे चांगल्या बियांची वंशावळच तयार होते. टूलरूममध्ये जॉबकार्ड भरलेल्या माणसाला ही शिस्त फार भावली.

आता मूळ दुखणं. शेजारच्या सोसायटीत मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला माळी मेंदीच्या कुंपणावर आणि फुलझाडांवर कीटकनाशक मारतो. फेब्रुवारीत तिथल्या पाण्याच्या टाकीखालचं आग्या मोहोळ रात्री पेटवून दिलं. माझ्या वहीतल्या तीन माश्यांचा संबंध मी याच्याशी जोडतो. औषध मारूच नका असं मी म्हणत नाही, त्यांच्या कुंपणाला कीड आहे हे मी पाहिलंय. फक्त वेळ बदला. सूर्य मावळल्यावर मारा. तेव्हा माश्या पोळ्यात परतलेल्या असतात, भोपळ्याची फुलं मिटलेली असतात. हे मी त्यांच्या कमिटीला दोनदा लेखी दिलं, उत्तर आलेलं नाही. मोहोळाची भीती वाटत असेल तर ते जाळण्याआधी जाणकाराला विचारावं. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आपल्याच पुण्यात आहे. अशा शहरात मोहोळावर पलिता लावला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

बिबवेवाडीच्या ताईंना एवढंच सांगणं, की खताची पिशवी तूर्त बाजूला ठेवा. आज संध्याकाळी पिवळ्या टोकाची मादीकळी शोधून दोरा बांधा आणि उद्या सव्वासहाला गच्चीवर जा. पहिली दोन फुलं फसली तरी तिसरं धरेल.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
धायरी, पुणे