नैवेद्याची वाटी अजून माझ्याकडंच आहे

ती. मावशी,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. एक ओळ गाळायची नाही, असं तिला बजावलंय. चारचौघांसमोर लिहितोय, कारण तोंडावर काही बोलायला गेलो की तुम्ही "गप जेव आधी" म्हणून विषयच मिटवता.

सोमवारी काट्यावर ९१ किलो भरलो. मागच्या वर्षी जुलैत, वजनाच्या ऑपरेशनच्या दिवशी १३८ होतो. आमच्या मार्केट यार्डात गुळाचा मोठा रवा ३० किलोचा असतो. तसे दीड रवे अंगावर घेऊन मी रोज तुमच्या खाणावळीच्या तीन पायऱ्या चढायचो आणि वर पोचलो की मोबाईल बघायचं सोंग करत उभा राहायचो. दम लागलाय हे तुम्हाला कळायचं. तुम्ही काही बोलायचा नाहीत, तोवर ताट मांडायला घ्यायचात.

ऑपरेशन ठरल्याचं सांगितलं तो दिवस आठवतो. तुम्ही गॅस बारीक करून बाहेर आलात. "पोट कापून घ्यायला लागलायस? माझ्या खाण्यानं व्हय रं?" आठ वर्षं मी तुमच्याकडं जेवतोय. बायकोची शाळेतली नोकरी रत्नागिरीला, मी इथं गुळाच्या अडतीवर. तेव्हा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. मी "छे छे" म्हणून हसण्यावारी नेलं. आज सरळ उत्तर देतो. वडलांकडून आलेली साखर, पस्तिशीपासून चढत गेलेलं वजन, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री नाकाला लावायचं मशीन, यातलं काही तुमच्या तांबड्या रश्श्यानं केलेलं नाही. पण दुसऱ्यांदा भात येताना मी कधी मनापासून "नको" म्हणालो नाही, आणि तुम्हीही कधी एका "नको"वर थांबला नाहीत. जेवणाऱ्यानं तीनदा नको म्हणायचं, वाढणाऱ्यानं चौथ्यांदा वाढायचं, ही आपली रीतच. त्या रीतीत वाढलेल्या बाईनं माझ्यापुरता आग्रह सोडला. आभार मानायचेत ते याचे.

ऑपरेशनचं डॉक्टरांनी केलं, त्यांचे आभार वेगळे मानलेत. स्लीव्ह म्हणतात त्याला. पोटाचा पाऊण हिस्सा, खरं तर थोडा जास्तच, दुर्बिणीतून कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. उंची-वजनाचा जो हिशेब असतो, बीएमआय, तो माझा ४७ च्या पुढं होता, सोबत साखर. आधीचे दोन आठवडे मोजकं, जास्त प्रथिनांचं खाणं, म्हणजे लिव्हरवरची चरबी उतरते, ते आक्रसतं आणि दुर्बिणीला वाट मिळते. त्याच संध्याकाळी उठवून चालवलं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पोट दुखेल ही तयारी होती, दुखला खांदा. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसनं म्हणे. तिसऱ्या दिवशी घरी.

आणि घरी आलो तो नेमका आषाढात! गल्लीत घरोघरी मटण शिजतंय, आमचं रस्सा मंडळ रविवारी मळ्यावर निघालंय, आणि मी दर पाच-दहा मिनिटांनी घोटभर पाणी पितोय. पहिले दोन आठवडे सगळं पातळ. बायको रजा काढून होती तोवर निभावलं. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी डबा आला. मी उघडला तर आत स्टीलच्या तांब्यात गाळून घेतलेलं अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं पाणी, एका बाटलीत मुगाचं कढण, आणि खोकल्याच्या औषधाचं एक धुतलेलं टोपण. टोपणानं मोजून प्यायचं, असा निरोप. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ ताईंनी ३० मिलीचा कप दिला होता, तो मी दोन दिवसांत हरवला होता. तुम्हाला कसं कळलं, अजून कोडं आहे.

त्या अळणीवरून तुमचं आणि ताईंचं फोनवर झालेलं भांडण मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, पोटात पाणी आणि मीठ जाण्यापुरतं अळणी ठीक, त्यात प्रथिनं फारशी नसतात. यांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात. तुम्ही फणकारलात, "आमच्या अळणीला ताकद न्हाई म्हणती व्हय? बाळंतिणी उठवल्यात मी ह्यावर!" फोन माझ्या हातात आदळलात. दुसऱ्या दिवशी मात्र डब्यात अळणीबरोबर घट्ट दह्याचं पातळसर ताक होतं आणि पावडर घातलेलं दूध वेगळं. आणि वर, "त्या ताईला सांग, मी केलो म्हणून." पुढं श्रावण लागला. मग मऊ खाण्याचे दिवस आले तेव्हा मटणाचा प्रश्नच नव्हता. मिक्सरमधून काढलेली मुगाची डाळ, कुस्करलेलं पनीर, मऊ उकडलेला दोडका. घरातला श्रावण बाजूला ठेवून माझ्यापुरतं एक अंडं तुम्ही मागच्या पडवीत वेगळ्या भांड्यात उकडायचात, हे नातीनं परवा सांगितलं.

एक गोष्ट कुणाला सांगितली तर पटत नाही. त्या दिवसांत मला भूकच लागत नव्हती. भूक लागल्याचा निरोप डोक्याकडं नेणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक असतं. ते जास्त करून पोटाच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि तोच भाग काढलेला. भूक गेली, पण दुपारचा एक काही गेला नाही. एक वाजला की अडतीवरची माणसं उठायची आणि माझे पाय आपोआप तुमच्या गल्लीकडं वळायचे. खायचं तर तीन चमचे. घरी बसून खाल्ले असते तरी चाललं असतं. डबा येतच होता. पण एके दिवशी आलोच. कोपऱ्यातलं माझं टेबल रिकामं होतं. गर्दीच्या वेळी, सहा माणसं उभी असताना रिकामं. तुम्ही म्हणालात, "बस. तुझंच हाय ते." आणि समोर ताट ठेवलंत. ताटात मधोमध देवाच्या नैवेद्याची ती छोटी पितळी वाटी. "देवाला एवढं पुरतंय. तुलाबी पुरंल."

मी हसलो होतो. नंतर हात धुताना रडलो, ते तुम्हाला आज कळतंय.

मग तो झुणक्याचा दिवस. ऑपरेशनला दीड महिना झाला असेल. मऊ खाण्यावरून जरा पुढं सरकायची परवानगी नुकती मिळालेली, आणि मी अंगात आल्यासारखा कोरड्या भाकरीचा तुकडा मोबाईल बघत दोन चावात गिळला. छातीत कुणीतरी बूच मारल्यासारखं झालं. तोंडात लाळ, फेस, ना खाली उतरेना ना वर येईना. मोरीपाशी पंधरा मिनिटं ओणवा उभा होतो. पाणी प्यावंसं वाटत होतं, पण नळी भरलेली असताना वरून पाणी ओतलं की त्रास वाढतो, हे तुमच्या ध्यानात होतं, माझ्या नाही. तुम्ही पाठीवर हात ठेवून उभ्या. बाकीचे जेवणारे बघायला लागले तर त्यांच्यावर खेकसलात, "ताटाकडं बघा आपापल्या!"

दुसऱ्या दिवसापासून मोबाईल गल्ल्यात जमा. आणि समोर लसणाची टोपली घेऊन तुम्ही. एक पाकळी सोलून होईपर्यंत एक घास चावायचा, ती टोपलीत पडली की दुसरा घास. त्या ताई वीस-पंचवीसदा चावा म्हणायच्या, मला आकडे मोजायला जमायचं नाही. लसणावर जमलं. अर्ध्या तासाच्या जेवणात एक गड्डा निघायचा. जेवणाच्या ऐन गर्दीत मालकीण लसूण सोलत बसते, म्हणून लोक वैतागले असतील. रस्सा भुरकायला अर्ध्या तासानं, वेगळ्या वाटीत. जेवताना पाणी बंद, त्यामुळं माझ्या टेबलावरचा तांब्याच तुम्ही उचलून टाकलात.

दिवाळी पाडव्याची भानगड मी तुमच्यापासून लपवली होती, तीही ऐका. पाडव्याला गुळाच्या मुहूर्ताचे सौदे. आमच्या धंद्यात गूळ नुसता डोळ्यांनी बघून चालत नाही, जिभेवर ठेवावा लागतो. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि मी पाच-सहा ढेपांचे खडे तोंडात टाकले. वीस मिनिटांत घाम, छाती धडधड, हातापायातलं अवसान गेलं. पोत्यांच्या थप्पीवर आडवा झालो. त्याला डंपिंग म्हणतात. गोड एकदम आतड्यात उतरलं की होतं. पोटाचं बायपास केलेल्यांना जास्त, पण आमच्या स्लीव्हवाल्यांतल्याही काहींना होतं. तेव्हापासून जिभेवर ठेवतो, चव घेतो आणि थुंकतो. कोल्हापूरचा गूळ थुंकणारा अडतीवरचा माणूस! २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला गूळ. शेतकरी बघतात तेव्हा लाज वाटते.

त्याच सुमारास केस गळायला लागले. कंगव्यात झुपके. तुम्ही मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढलीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-१२ आणि लोह कमी. इतक्या झपाट्यानं वजन उतरलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असे केस गळतात, पुढं येतात, असं ते म्हणाले. आले. दृष्टीनं की गोळ्यांनी, यावर आपण वाद घालायचा नाही. पण लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतरानं घ्यायची, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही, हे तुम्ही कॅलेंडरवर नातीकडून लिहून घेतलंत. मी चहा मागितला की तुम्ही कॅलेंडरकडं बोट दाखवता. या गोळ्या आता जन्मभर आहेत.

वजन सरळ उतरत गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात काटा बारा दिवस एकाच आकड्यावर. मी रोज दोनदा यार्डातल्या काट्यावर चढायचो. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "बाजारातलं बकरं हाईस व्हय रं, उठसूट वजन करायला?" आठवड्यातून एकदाच बघायचं, सोमवारी, हे तेव्हापासून.

नात्यातले एक जण लग्नात म्हणाले, "ऑपरेशन करून काय, कुणीबी बारीक होतंय." मी गप्प बसलो. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "त्याला म्हणावं एक म्हयना माझ्यासमोर लसूण सोलस्तवर जेवून दाखव."

आता साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी तीनवरून एकीवर आणल्यात. ते नाकाचं मशीन कपाटात गेलं. पायताण ढिलं झालं. पावलंसुद्धा बारीक होतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात तुमच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत चाललो होतो. आता रंकाळ्याला सकाळी अख्खी फेरी मारतो, शालिनी पॅलेसपाशी न थांबता. मित्र रस्सा मंडळाला परत बोलवायला लागलेत. पंगतीत बसतो, एक-दोन मऊ फोडी, वाटीभर पातळ, बाकी गप्पा. दारू नाही. ती आता फार लवकर चढते असं डॉक्टरांनी बजावलंय.

खरं अवघड आता सुरू झालंय, मावशी. वर्ष उलटल्यावर भूक थोडी थोडी परत येते. पोटही आधीपेक्षा जास्त मावून घेतं. वजन परत चढतं ते इथूनच, असं त्या ताई प्रत्येक भेटीत सांगतात. अर्धी भाकरी झाली की हात अजून अर्धीकडं जातो. मागच्या गुरुवारी गेलाच. तुम्ही भात घेऊन ओळीनं येत होतात. पलीकडच्या कॉलेजच्या पोराला "खा की रं, वाळून चाललायस" म्हणून दोन पळ्या वाढल्यात. माझ्याजवळ आलात. पळी माझ्या ताटावर आली, सवयीनं. आठ वर्षांची सवय. आणि तिथंच थांबली. मी वर बघितलं, तुम्ही बघितलं नाहीत, पळी पुढच्या ताटाकडं गेली. माझाही हात भाकरीवरनं मागं आला.

महिन्याचे पैसे तुम्ही अजून अर्ध्या थाळीचेच लावता, वहीत बघितलंय मी. या महिन्यापासून पूर्ण घ्यायचे. लसूण सोलायची मजुरी वेगळी.

पाडव्याला बायको आणि मुलगी येणार आहेत. तीन पानं मांडा. नैवेद्याची वाटी माझ्याकडंच आहे, येताना घेऊन येतो. देवाला तेवढे दिवस दुसरी बघा.

तुमचा,
वहीतला सतरा नंबर