बाकावरची दुसरी खुर्ची

हार्टफर्ड, कनेक्टिकट
मे 2025

प्रिय मंजू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. 'जन्मभर खेळले ते काय आता याच्या मागे चेंडूंची पिशवी घेऊन फिरायला?' हे तू ज्या ठसक्यात म्हणालीस, ते ऐकून आधी हसू आलं. कॉलेज मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी बोलावतंय तेही असिस्टंट कोच म्हणून. वर मुख्य कोच तुझ्याहून लहान, आणि पुरुष. तुझा पारा चढणारच. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून हे लिहितेय.

इथे आल्यापासून मला यूकॉनच्या, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या, मुलींच्या बास्केटबॉल संघाचं वेड लागलंय, हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात, 6 एप्रिलला, टँपाच्या फायनलमध्ये त्यांनी साउथ कॅरोलायनाला 82-59 असं लोळवलं आणि बारावं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. सगळीकडे फोटो स्टार खेळाडू पेज बेकर्सचे आणि मुख्य कोच जीनो ऑरिएमाचे. माझं लक्ष मात्र दोन्ही बाकांवरच्या दुसऱ्या खुर्चीकडे होतं. इकडे क्रिस डेली, तिकडे लीसा बॉयर, दोघीही मुख्य कोचच्या शेजारी बसणाऱ्या असिस्टंट.

डेलीचं ऐक. 1985 साली जीनो यूकॉनला आला. त्याआधी तो व्हर्जिनिया विद्यापीठात मुख्य कोच डेबी रायनचा असिस्टंट होता, म्हणजे हा एवढा मोठा माणूसही एका बाईच्या हाताखालीच तयार झाला, हे आधी लक्षात घे. यूकॉनच्या मुलींनी तोवर फक्त एकाच वर्षी हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले होते. अशा संघासाठी त्याने डेलीला बोलावलं. ती रटगर्स विद्यापीठाची खेळाडू, 1982 च्या राष्ट्रीय विजेत्या संघातली. दोघांच्या पहिल्या सीझनला 12 विजय, 15 पराभव. दहा वर्षांनी, 1995 ला, 35 पैकी 35 जिंकून पहिलं विजेतेपद. आणि आज, चाळीस सीझननंतरही, ती तिथेच आहे. मुली तिला सीडी म्हणतात. शर्ट खोचलेला हवा, वागणं नीट हवं, ही तिची शिस्त इथे पोराटोरांनाही माहीत आहे. अशा बाईला मुख्य कोच म्हणून कधी कुणी विचारलंच नसेल, हे मला तरी पटत नाही.

2021 च्या मार्चमध्ये जीनोला कोविड झाला, तोही ऐन एनसीएए स्पर्धेच्या, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, तोंडावर. पहिले दोन सामने सीडीने सांभाळले आणि दोन्ही जिंकले. तो परत आल्यावर ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. मला ही गोष्ट बाराही विजेतेपदांपेक्षा जास्त आवडते.

आता काम काय असतं ते. आपल्या वेळी सर एकटेच सगळं करायचे, शिट्टीपासून एसटीच्या रिझर्व्हेशनपर्यंत, म्हणून आपल्याला वाटतं की दुसऱ्याला काय उरणार? इथे असिस्टंटमध्ये प्रतिस्पर्धी संघ वाटून घेतलेले असतात. जिच्या वाट्याला जो संघ, तिने त्यांचे व्हिडिओ बघायचे, कोण डावीकडूनच ड्राइव्ह करते, कोणाला मोकळं सोडलं तरी चालतं, हे काढायचं, आणि सरावात ते खेळाडूंच्या अंगी मुरवायचं. त्या सरावात समोरचा संघ म्हणून कॉलेजचीच मुलं उभी राहतात, हो, मुलगे, आणि मुलींकडून बेदम मार खातात! शिवाय कोणी चेंडू खेळवणाऱ्या गार्ड्स घडवते, कोणी बास्केटजवळ खेळणाऱ्या, पोस्टच्या उंच मुली. शाळाशाळांतून पोरी हेरायच्या, त्यांच्या आईबापांशी बोलायचं, हेही यांच्याच गळ्यात. 2023 पासून नियम बदलून कोचिंगसाठी आणखी दोन असिस्टंट ठेवायची मुभा मिळाली, तरी यांना उसंत आहे असं दिसत नाही.

स्टॉर्सला, यूकॉनच्या गॅम्पल पॅव्हेलियनमध्ये, एकदा बाकाच्या बरोब्बर मागची जागा मिळाली होती. समोरच्या कोचने दोन बोटं वर करून कपाळाला हात लावला. यूकॉनच्या बाकावरची एक असिस्टंट ताडकन उठली आणि ओरडली, आतल्या मुलीने लगेच दोन पावलं कोपऱ्याकडे सरकून पासची वाट अडवली. चेंडू तिच्याच हातात आला. प्रेक्षकांनी टाळ्या त्या मुलीला दिल्या. असिस्टंट तोवर खाली बसून कागदावर काहीतरी खरडत होती. टाइमआउटलाही तेच. आधी कोच मंडळी आपसात बाजूला कुजबुजतात, मग जीनो मुलींसमोर बसतो. तो जे बोलतो त्यातलं निम्मं तरी त्या कुजबुजीतून आलेलं असणार.

तू म्हणशील, ही पहिली पायरी म्हणून ठीक. पण बघ ना, जमेल एलियट 1995 च्या त्या संघात खेळली, इथे असिस्टंट झाली, मग सिनसिनाटी विद्यापीठाला नऊ सीझन मुख्य कोच होती. टोन्या कार्डोझा चौदा वर्षं असिस्टंट, मग चौदा वर्षं टेंपल विद्यापीठाची मुख्य कोच. मॉर्गन व्हॅलीने मुख्य कोच म्हणून हार्टफर्ड विद्यापीठाचा संघ सांभाळला. आज तिघीही पुन्हा यूकॉनच्या बाकावर आहेत, असिस्टंट म्हणून. सासरी घर चालवून माहेरी परतलेल्या लेकींसारख्या, आणि कमीपणा कोणाच्याच चेहऱ्यावर नाही. लीसा बॉयर तर 2001-02 ला एनबीएत क्लीव्हलँडच्या पुरुषांच्या संघाबरोबर असिस्टंट होती, एनबीएतली पहिली बाई. त्यानंतर ती आधी टेंपलला आणि मग साउथ कॅरोलायनाला मुख्य कोच डॉन स्टेलीच्या शेजारी बसली ती आजतागायत.

पुरुष मुख्य कोच ही तुझी तक्रार मात्र मी हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेत 1972 ला टायटल नाइन, म्हणजे शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेद नको सांगणारा, कायदा आला तेव्हा कॉलेजच्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संघांच्या कोच बायका होत्या. कायद्यामुळे पैसा आला, पगार आले, आणि पाठोपाठ पुरुष आले. आता ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. जीनोचं कौतुक करताना हे मी विसरत नाही. सीडी 2018 ला महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली खरी, पण तिला ओळखणारे किती आणि जीनोला किती, ते मला दिसतं. नोव्हेंबरमध्ये जीनोने 1217 वा विजय मिळवून कॉलेज बास्केटबॉलचा विक्रम केला. त्या रात्रीचा सोहळा दोघांच्या चाळीस वर्षांचा होता. हेडलाइन त्याच्याच नावाची.

तेव्हा डोळे मिटून हो म्हणू नकोस. त्या पोराला चहाला बोलाव आणि सरळ विचार. स्काउटिंग माझ्याकडे देणार का? डिफेन्स मी बसवला तर मध्येच बदलणार नाहीस ना? तू चुकतोयस असं टाइमआउटमध्ये सांगितलं तर ऐकशील की तोंड पाडशील? आणि मुलींच्या आयांची परवानगीपत्रं, बिब्ज धुणं, अश्वमेध स्पर्धेला जाताना रात्री खोल्यांच्या दारांवर पहारा, एवढ्यासाठीच त्याला बाई हवी असेल तर चहा पाजून वाटेला लाव. मानधन किती आणि वेळेवर मिळतं का, हे त्याला नाही, ऑफिसातल्या क्लार्कला विचार. खरं तिथेच कळतं.

पण तो जर म्हणाला, की मला डिफेन्समधलं कळत नाही, म्हणूनच तुम्ही हव्यात, तर, मंजू, जा. झोन डिफेन्समध्ये पोरी कुठे झोपतात, हे तुझ्याइतकं लवकर दिसणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. इथेही नाही.

फायनलची लिंक पाठवते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडूकडे बघू नकोस, यूकॉनच्या बाकाकडे बघ. मग रविवारी फोन कर, तुमच्या रात्री आठनंतर, मला त्याआधी जाग येत नाही.

तुझी,
वैजू