कपाळावरची राख

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कॅथलिक शाळांमधल्या प्रार्थनेवरून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात जे लिहून येत आहे, ते मी रोज वाचते. एकांचं म्हणणं, या शाळा मुलींना हळूहळू आपल्या धर्माकडे ओढतात. दुसऱ्यांचं म्हणणं, शाळेत धर्म हवाच कशाला, इंग्रजी आणि शिस्त द्या, बाकी घरी. मी हिंदू आहे, माहेर वारकऱ्यांचं आहे, आणि वसई तालुक्यातल्या मुलींच्या एका अनुदानित कॉन्व्हेंट हायस्कूलमध्ये २७ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. यंदा राखेच्या बुधवारी जे ऐकलं, त्यानंतर गप्प बसवेना.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी अशाच एका शाळेत आठवीत आहे. राखेच्या बुधवारी पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन शाळेत गेली. फाटकापाशी एका शिक्षिकेने तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "पुसून ये बाळा, उगाच कुणीतरी फोटो काढायचं." पोरीने नळावर जाऊन कपाळ धुतलं. संध्याकाळी घरी आली आणि आईला विचारलं, "आई, मी काही चुकीचं केलं होतं का?" तिची आई मला फोनवर हे सांगताना रडत होती. शाळा कॅथलिक, शिक्षिकाही कॅथलिक.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही राख आदल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात. आपण मातीचे आहोत आणि मातीतच जाणार आहोत, याची ती आठवण. तिथून ईस्टरपर्यंत प्रायश्चित्तकाळ असतो, रविवार सोडून चाळीस दिवस. आमच्या शाळेत त्या काळात प्रत्येक वर्गात पुठ्ठ्याची एक पेटी असायची. वडापाव खायचा मोह आवरला की त्याचे पैसे पेटीत टाकायचे. पेटीवर नाव नाही, कुणी किती टाकले याची नोंद नाही. गुड फ्रायडेच्या आधी ती उघडायची आणि नववीच्या मुली स्वतः वृद्धाश्रमात जाऊन सामान पोचवायच्या. पेटीत पैसे टाकणाऱ्यांत पाटील होत्या, म्हात्रे होत्या, शेख होत्या, डिसोजा होत्या. याला कुणी धर्मांतर म्हणणार असेल तर त्यांनी आधी तो उघडल्या पेटीतल्या चिल्लरचा ढीग बघायला हवा होता.

आता ऑक्टोबरचं सांगते, कारण तो महिना डोळ्यांसमोरून हलत नाही. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मारियेच्या जपमाळेचा महिना. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असायची, तरी मधली सुट्टी झाली की पंधरा-वीस मुली डबा अर्धा टाकून चॅपलकडे, शाळेतल्या प्रार्थनाघराकडे, पळायच्या. पूर्ण माळ व्हायला वेळ कुठला! एक दशक व्हायचं, म्हणजे दहा वेळा ‘नमो मारिया’, की घंटा. बोलावणारं कुणी नसे, हजेरी नसे. मी जाता-येता दाराशी थांबायचे. या मुली घरी वसईकडची कादोडी बोली बोलणाऱ्या, वर्गात इंग्रजी लिहिणाऱ्या, सकाळच्या परिपाठाला इंग्रजीतच प्रार्थना म्हणणाऱ्या. पण स्वतःच्या मनाने माळ हातात घेतली की मराठीत यायच्या, कारण आजीकडून ती मराठीतच ऐकलेली. मराठीच्या शिक्षिकेला याहून वेगळं काय हवं होतं? नववीला ओवी शिकवताना मी त्यांना फादर स्टीफन्सबद्दल सांगायचे. हा इंग्लंडहून गोव्यात आलेला जेज्वित संघाचा धर्मगुरू, आणि येशूची कथा सांगणारं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, ज्ञानेश्वरीच्याच छंदात. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी एकदम म्हणाली, "म्हणजे बाई, आमचंपण मराठीत आहे?" पुढे कितीतरी दिवस ती माझ्याकडून ओव्या उतरवून नेत होती. तिची आजी त्या ऐकायला बसते म्हणे.

आमच्याकडे सारं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. मी नववीवर असतानाचा असाच एक राखेचा बुधवार आठवतो. वर्गात शिरले तर एका बाकावर दोघी, एकीच्या कपाळावर राख, दुसरीचं कपाळ कोरं. त्या दुसरीने हात वर केला. "बाई, हिला राख चालते, मग मला टिकली का चालत नाही?" वर्ग चिडीचूप. तेव्हा टिकलीला बंदी होती आणि श्रावणात मेंदी लावून आलेल्या मुलींना दंड होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तास संपल्यावर मी तो प्रश्न जसाच्या तसा मुख्याध्यापिका सिस्टरांपुढे ठेवला. त्या दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी परिपाठात त्यांनी सांगितलं की आजपासून टिकली चालेल, सणाची मेंदीही चालेल. आणि पुढे म्हणाल्या, "हे मला माझ्या मुलीने शिकवलं." तेवढ्यावर त्या खाली उतरल्या.

दुसरी चूक शाळेच्या सणाच्या मिस्सेची. ती वर्षानुवर्षं सगळ्यांना सक्तीची होती. एका वडिलांनी येऊन शांतपणे सांगितलं की माझी मुलगी बसणार नाही, आणि ते बरोबर होते. संविधानाच्या कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमात हे स्वच्छ लिहिलेलं आहे: सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही स्वतःच्या संमतीशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. त्यानंतर आमच्याकडे जूनमध्ये घरी एक चिठ्ठी जाऊ लागली. मिस्सेला बसेल की नाही, धर्मशिक्षणाच्या तासाला की मूल्यशिक्षणाच्या, खाली पालकांची सही. भांडणं तिथेच मिटली. मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे होता, आणि तो संपला की दोन्हीकडच्या मुली व्हरांड्यात एकमेकींना "तुमच्याकडे आज काय झालं?" विचारायच्या. माझ्या तासापेक्षा ती पाच मिनिटं जास्त मोलाची होती.

पण तेच कलम आज अर्धंच वाचलं जातंय. संमती नसेल तर बसवू नका, एवढं सगळ्यांना पाठ आहे. संमती असेल तर बसवता येतं, हे कुणी बोलत नाही. धार्मिक शिक्षणाला पूर्ण मनाई आहे ती सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क कलम ३० देतं. मग कॅथलिक मुलीने कॅथलिक शाळेत स्वतःचा धर्म शिकायचा नाही तर कुठे?

भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, जमल्यास सर्वधर्म प्रार्थनालय करा. पहिल्या दोन गोष्टी मला मनापासून पटतात. तिसरीबद्दल शंका आहे. अनेक शाळांना प्रयोगशाळेला जागा पुरत नाही, आणि सगळ्यांसाठी म्हणून काढलेली खोली शेवटी कुणाचीच होत नाही असा अनुभव आहे. त्यापेक्षा आहे ते चॅपल उघडं ठेवा. पण लादू नका या शब्दांचा अर्थ काही व्यवस्थापनांनी लपवा असा घेतला आहे, आणि माझी तक्रार तिथे आहे. वर सांगितलेल्या शाळेत धर्मशिक्षणाचा तास वेळापत्रकातून काढून शाळा सुटल्यानंतर ठेवला. दूरच्या गावांतल्या मुलींची बस तेव्हाच निघते. त्या तासाला आता पाच-सहा मुली उरल्यात. बंद केला असता तर निदान कुणी जाब विचारला असता.

ज्यांना फक्त इंग्रजी आणि शिस्त हवी आहे, त्यांना एकच गोष्ट सांगते. आमच्या शाळेत दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळी सहापर्यंत अभ्यासिका चालायची, कारण अनेकींच्या घरी एकच खोली. तिथे वर्षानुवर्षं एक वयस्कर सिस्टर बसायच्या, गणित शिकवायच्या, कुणाला भूक लागली तर आश्रमाच्या स्वयंपाकघरातून पेज आणून द्यायच्या. त्याचा त्यांना वेगळा पगार नव्हता. मी एकदा विचारलं, "सिस्टर, थकत नाही का?" त्या म्हणाल्या, "सकाळी चॅपलमध्ये बसते ना, मग दिवसभर पुरतं." त्यांच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली आज परिचारिका, शिक्षिका, बँकेत अधिकारी आहेत, आणि त्यांत बहुसंख्य कॅथलिक नाहीत. सकाळचं चॅपल काढून टाका आणि संध्याकाळची अभ्यासिका तेवढी ठेवा, असं मला तरी करता आलं नसतं.

म्हणून आपल्यामार्फत शाळांच्या व्यवस्थापनांना विनंती. येत्या जूनमध्ये प्रवेश-अर्जातच संमतीची जागा छापा. धर्मशिक्षणाचा तास शाळेच्या वेळेत परत आणा. टिकलीवर, मेंदीवर, हिजाबवर अजून दंड असेल तर तो आधी काढा, म्हणजे राखेबद्दल बोलायला तोंड राहील. आणि आठवीतल्या त्या मुलीला कुणीतरी शाळेतल्याच माणसाने बोलावून सांगावं की तिचं काही चुकलेलं नव्हतं. तिच्या आईने सांगितलंय, आजीने सांगितलंय, मीही सांगितलंय. ती अजून शाळेकडूनच ऐकायची वाट बघते आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वसई